गिफ्टेड वेगळं, ऑनर्स वेगळं : अमेरिकेतल्या मिडल स्कूलची चाळणी कशी चालते

जानेवारी-फेब्रुवारीत पाचवी-सहावीतलं मूल दप्तरातून एक कागद काढून देतं, किंवा शाळेच्या पोर्टलवर एक फॉर्म येतो. पुढच्या वर्षीचे विषय निवडा. गणितासमोर तीन चौकोन, इंग्रजीसमोर दोन, खाली शिक्षकांची शिफारस आणि पालकांच्या सहीची जागा. सही दोन-तीन आठवड्यांत हवी असते. त्याच सुमारास शेजारच्या घरातून ‘आमच्याकडे गिफ्टेड लागलं’ असं कानावर येतं आणि घरात चुळबुळ सुरू होते. आपल्याकडच्या शिष्यवृत्ती परीक्षेसारखं हे काहीतरी असावं, असा पहिला अंदाज बांधला जातो. तो अंदाज चुकतो. शिष्यवृत्ती परीक्षेत राज्यभर एकच परीक्षा, गुणवत्ता यादी आणि शेवटी थोडी रक्कम असते. त्या निकालाने वर्गातलं गणित बदलत नाही. अमेरिकेत नेमकं वर्गातलं गणितच बदलतं, आणि यादी मात्र राज्यागणिक, डिस्ट्रिक्टागणिक (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेगणिक) वेगळी असते.

आधी दोन शब्दांची फोड करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. ‘गिफ्टेड’ ही मुलाला दिलेली ओळख असते. डिस्ट्रिक्टने काही चाचण्या घेतल्या, समितीने फाइल पाहिली आणि ‘या मुलाला नेहमीच्या वर्गापेक्षा वेगळं शिक्षण लागेल’ असा शेरा मारला. ‘ऑनर्स’ हा वर्ग असतो, वेळापत्रकातला एक तास. गिफ्टेड नसलेलं मूल ऑनर्समध्ये बसू शकतं आणि गिफ्टेड शेरा असलेलं मूल साध्या गणितात असू शकतं. प्राथमिक शाळेत गिफ्टेड म्हणजे आठवड्यातून एकदा मुलांना वर्गातून वेगळं काढून कोडी, प्रकल्प वगैरे देणं असा प्रकार बऱ्याच ठिकाणी असतो. मिडल स्कूलमध्ये, म्हणजे सहावी ते आठवीत, प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक आणि वेगळा तास येतो. मग ते वेगळं काढणं वेळापत्रकात बसत नाही. तिथून पुढे बहुतेक डिस्ट्रिक्टांत ‘गिफ्टेड सेवा’ म्हणजे प्रत्यक्षात ऑनर्सचे वर्गच. काही ठिकाणी पूर्णवेळ वेगळ्या तुकड्या किंवा केंद्र-शाळा असतात. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत तिसरी ते आठवी अशी पूर्णवेळ व्यवस्था आहे, पण तिथेही मिडल स्कूलमधले मुख्य विषयांचे ऑनर्स वर्ग त्या शेऱ्याविना घेता येतात.

राज्य बदललं की नियम बदलतात

अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत देशभर लागू असलेला कायदा आहे. गिफ्टेड मुलांसाठी तसा नाही. १९७२च्या मार्लंड अहवालाने व्याख्या दिली, १९८८च्या जाविट्स कायद्याने संशोधनासाठी थोडा पैसा दिला, पण ‘ओळखा आणि शिकवा’ अशी सक्ती केंद्राने केली नाही. ती राज्यांवर सोडली आहे.

पेनसिल्व्हेनियात गिफ्टेड मुलाला विशेष शिक्षणासारखी लेखी योजना मिळते आणि ती दरवर्षी तपासली जाते. १३० बुद्ध्यंक हा तिथला ओळखीचा आकडा, पण त्याखालच्या मुलालाही इतर पुराव्यांवर घेता येतं. फ्लोरिडात गिफ्टेड हा विषय विशेष शिक्षणाच्या खात्याखाली येतो. जॉर्जियात बौद्धिक क्षमता, संपादन (शिकलेल्याची पातळी), सर्जनशीलता आणि प्रेरणा अशा ४ बाजू तपासतात आणि नेहमीच्या वाटेने ३ बाजूंत निकष पुरे करावे लागतात. टेक्ससमध्ये प्रत्येक डिस्ट्रिक्टला कार्यक्रम ठेवणं बंधनकारक आहे. न्यू जर्सीने २०२०मध्ये कायदा कडक केला. कॅलिफोर्नियात २०१३च्या निधी-फेररचनेनंतर या कामासाठी राखीव पैसा उरला नाही, त्यामुळे एका डिस्ट्रिक्टमध्ये भरघोस कार्यक्रम आणि शेजारच्यात काहीच नाही, असं दिसतं.

नोकरीनिमित्त राज्याराज्यांत फिरणाऱ्या मराठी घरांना यातली एक गोष्ट थेट भोवते : शेरा बहुधा सोबत येत नाही. डॅलसमध्ये गिफ्टेड असलेली मुलगी सिॲटलच्या उपनगरात आली की तिची फाइल बहुतेक वेळा नव्याने उघडते. म्हणून जुन्या शाळेतून निघताना ‘गिफ्टेड आहे’ एवढं एका ओळीचं पत्र घेऊन भागत नाही. मूळ गुणपत्रक घ्या, ज्यात चाचणीचं नाव, आवृत्ती, तारीख आणि प्रत्येक भागाचे आकडे असतात. १९७४च्या फर्पा कायद्यानुसार मुलाच्या नोंदी पाहण्याचा हक्क पालकांना आहे आणि लेखी मागणीनंतर शाळेला त्या ४५ दिवसांच्या आत दाखवाव्या लागतात.

आकडा कसा वाचायचा

सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी म्हणजे कॉगॅट. तिचे तीन संच : शाब्दिक, संख्यात्मक आणि आकृत्यांचा. प्रत्येकात ३ भाग, म्हणजे एकूण ९, आणि प्रत्येक भाग साधारण १० मिनिटांचा. निकालात सरासरी १०० धरून गुण येतात आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १६ असतं. म्हणजे १३२ हा आकडा सरासरीपासून दोन विचलनं वर, साधारण ९८वा पर्सेंटाईल. मानसशास्त्रज्ञ एकट्या मुलाला बसवून घेतात ती डब्ल्यूआयएससी चाचणी. तिथे विचलन १५ आहे, म्हणून तिथे १३०लाच ९८वा पर्सेंटाईल येतो. कॉगॅटवरचा १३० मात्र ९७च्या आसपास. व्हॉट्सॲपवर आकड्यांची तुलना करणाऱ्यांनी निदान एवढं पाहावं.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. ९८वा पर्सेंटाईल म्हणजे शंभरातले ९८ प्रश्न बरोबर आले असं नाही. त्याच वयाच्या शंभर मुलांच्या रांगेत साधारण ९८ जण मागे आहेत, असा त्याचा अर्थ. ९६ आणि ९८ यांच्यातला फरक कधीकधी दोन-तीन प्रश्नांचा असतो. त्या दिवशी सर्दी झाली होती एवढंही पुरतं. शिवाय रांग कुणाची, हा प्रश्न आहेच : देशभरातल्या समवयस्कांची, त्याच इयत्तेतल्या मुलांची, की फक्त त्या डिस्ट्रिक्टमधल्या मुलांची? ज्या उपनगरात अर्धी वस्ती इंजिनीअर-डॉक्टरांची आहे तिथे देशपातळीवर ९५ असलेलं मूल स्थानिक रांगेत ८०च्या आसपासही येऊ शकतं. गुणपत्रकावर हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत असू शकतात आणि समिती त्यातला एकच पाहते.

एकत्रित गुणांपेक्षा तिन्ही संचांचे वेगवेगळे गुण जास्त बोलतात. समजा शाब्दिक ११०, संख्यात्मक १३६, आकृत्या १२४. एकत्रित आकडा मध्यम उंचीचा दिसेल आणि समिती ‘नाही’ म्हणेल. पण गणिताच्या वर्गासाठी बघायचा आकडा १३६ आहे. कॉगॅट स्वतःच हे अक्षराने सांगते : ‘ए’ म्हणजे तिन्ही संच सारखे, ‘बी’ म्हणजे एक संच इतरांपेक्षा वर किंवा खाली, ‘सी’ म्हणजे एक वर आणि एक खाली, आणि ‘ई’ म्हणजे फरक २४ किंवा त्याहून जास्त. वरच्या उदाहरणात फरक २६ आहे, म्हणजे ‘ई’. हे अक्षर पालकांच्या प्रतीवर बहुतेक वेळा छापलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

पुढची गंमत व्याकरणाची आहे : ‘आणि’ की ‘किंवा’. क्षमता-चाचणी, वर्षअखेरची परीक्षा आणि शिक्षकांची श्रेणी असे तीन निकष असतील आणि नियम ‘आणि’चा असेल, तर तिन्ही दारं एकाच मुलाने ओलांडायला हवीत. एक दिवस वाईट गेला की मूल बाहेर. ‘किंवा’ असेल तर कुठल्याही एका दारातून आत जाता येतं, यादी मोठी होते आणि वर्गात मुलांच्या तयारीतली तफावतही वाढते. काही डिस्ट्रिक्ट तिन्हींची सरासरी काढतात. नियम कोणता, हे डिस्ट्रिक्टच्या गिफ्टेड आराखड्यात लिहिलेलं असतं. तयारीचे क्लास लावण्याआधी तो वाचायला वीस मिनिटं लागतात.

शिक्षकांच्या शिफारशीत एक जुना दोष आहे. नीटनेटकं, हात वर करून बोलणारं, गृहपाठ वेळेवर देणारं मूल वर जातं. खिडकीबाहेर बघणारं, उत्तर मनात काढून पायऱ्या न लिहिणारं मूल मागे राहतं. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५मध्ये शिफारशीची वाट न बघता दुसरीतल्या सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी घेतली. निकष तेच ठेवूनही गरीब घरांतल्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या ठळकपणे वाढली. ती मुलं आधीही हुशारच होती, फक्त कुणी त्यांचं नाव पुढे केलेलं नव्हतं.

खरा निर्णय गणिताचा

इंग्रजी, समाजशास्त्र, विज्ञान यांच्या ऑनर्सबद्दल फार झोप उडवू नये. तिथे सहसा तोच अभ्यासक्रम थोड्या खोलीने चालतो. एक प्रश्न विचारून बघा : ऑनर्सच्या तुकडीला वाचायला आणि लिहायला असं काय देता, जे दुसऱ्या तुकडीला देत नाही? चांगल्या शाळेत उत्तर ठोस येतं, अमुक मजकूर, इतके निबंध, अमुक शोधप्रकल्प. ‘वेग जास्त, अपेक्षा जास्त’ एवढंच उत्तर आलं तर बहुधा गृहपाठाची पानंच जास्त असतात. सहावीतून सातवीत जाताना या विषयांत तुकडी बदलणंही सोपं, कारण एका वर्षाचा धडा दुसऱ्या वर्षावर तसा अडून बसत नाही.

गणितात अडतो. अमेरिकेत हायस्कूलचं गणित एकामागोमाग एक अशा स्वतंत्र कोर्सेसचं आहे : अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. (काही ठिकाणी पहिले तीन मिसळून शिकवतात.) अल्जिब्रा १ नववीत घेतला तर बारावीत प्रीकॅल्क्युलस येतो. आठवीत घेतला तर बारावीत कॅल्क्युलस, सातवीत घेतला तर अकरावीत. म्हणून सहावीच्या फॉर्मवरचा तो चौकोन बारावीपर्यंत पोचतो. हे फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नसतं.

पुढे जायचे मार्ग दोन : दाबून शिकवणं आणि गाळून उडी मारणं. दाबून शिकवणं म्हणजे सातवी, आठवी आणि अल्जिब्रा १ असा तीन वर्षांचा मजकूर दोन वर्षांत बसवणं. कॉमन कोअरच्या, म्हणजे अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या अभ्यासक्रम-निकषांच्या, परिशिष्टात सुचवलेला मार्ग हाच. काहीही वगळायचं नाही, वेग वाढवायचा. गाळून उडी म्हणजे सातवीनंतर आठवीचं गणित न घेताच अल्जिब्रा. आठवीच्या गणितात काय असतं ते बघा : रेषेचा चढ, एकरेषीय समीकरणं आणि त्यांच्या जोड्या, घातांक, पायथागोरस. अल्जिब्रा १चे शिक्षक यातलं बरंचसं ओळखीचं धरून चालतात. उडी मारलेलं मूल पहिले सहा आठवडे तग धरतं, कारण सुरुवातीला उजळणी असते. नोव्हेंबरात चढ आणि आलेख आले की गुण घसरतात. वर्गाचं नाव आकर्षक असतं, त्यामुळे ‘कॉम्पॅक्टेड’ (दाबून शिकवलेलं) आहे की वगळलं आहे, हे शाळेला स्पष्ट विचारावं लागतं.

मूल तयार आहे का, हे घरी अर्ध्या तासात बऱ्यापैकी कळतं. कॅल्क्युलेटर न देता एवढं सोडवायला द्या. २/३ मधून ५/४ वजा करा. −७ − (−३) किती? −३ चा वर्ग कंसासह आणि कंसाविना लिहिला तर उत्तर का बदलतं? ५०० डॉलरच्या वस्तूवर २० टक्के सूट दिली आणि मग किंमत २० टक्क्यांनी वाढवली, तर पुन्हा ५०० होतात का? (४८० होतात, पण ‘का’ हे मुलाने सांगायला हवं.) ३(क − २) = क + ८ मध्ये क किती? शेवटचं उत्तर ७. उत्तर बरोबर आलं यावर थांबू नका, पायऱ्या बघा. अल्जिब्रात गळणारी बहुतेक मुलं अल्जिब्रामुळे गळत नाहीत. अपूर्णांक आणि ऋण चिन्हं त्यांना पाडतात. क्लासला जाऊन समीकरणं पाठ सोडवणारं मूल यातल्या पहिल्या दोन प्रश्नांवर अडखळलं तर घाई करू नये.

ही निवड कुणाच्या हाती, यावर गेल्या दशकात बरंच राजकारण झालं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४मध्ये आठवीतला अल्जिब्रा बंद करून सगळ्यांना नववीत एकत्र बसवलं. हेतू समतेचा होता. पण ज्यांना परवडलं त्यांनी बाहेरून कोर्स घेऊन मुलांना पुढे काढलं. मार्च २०२४मध्ये मतदारांनी आठवीतला अल्जिब्रा परत आणण्याच्या बाजूने कौल दिला, आणि त्याआधीच शाळा मंडळाने तो परत आणायचं ठरवलं होतं. टेक्ससने २०२३च्या कायद्याने उलटी वाट धरली : पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलाला सहावीत वरच्या गणितात आपोआप घालायचं आणि नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. नॉर्थ कॅरोलायनाने २०१८पासून वर्षअखेरच्या परीक्षेत सर्वोच्च पातळी गाठणाऱ्यांसाठी असाच नियम केला आहे. शिफारशीची वाट बघण्यापेक्षा हे बरं, असं आमचं मत. गुणांना आडनाव दिसत नाही.

नुकतंच भारतातून आलेलं मूल

प्रवेशाच्या वेळी एक साधा कागद भरून घेतात : घरात कोणती भाषा बोलता? मूल आधी कोणती भाषा शिकलं? तुम्ही खरं तेच, म्हणजे ‘मराठी’ लिहिता. त्यावरून मुलाची इंग्रजीची चाचणी होते. बऱ्याच राज्यांत ती विडा या संस्थेची असते. इंग्रजी माध्यमात शिकलेलं मूलही उच्चार समजायला वेळ लागल्याने किंवा नव्या जागी बुजल्याने यात कमी पडू शकतं. मग त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांचा तास मिळतो आणि तो तास बहुतेकदा ऑनर्स इंग्रजीच्या किंवा आवडीच्या विषयाच्या जागी येतो. कागदावर खोटं ‘इंग्लिश’ लिहिण्याचा सल्ला मित्रमंडळींकडून येतो. तो घेऊ नका. ज्या मुलाला मदतीची खरी गरज आहे, त्याची मदतच त्यामुळे तुटते. पालकांना ही सेवा लेखी नाकारता येते, फक्त वार्षिक भाषा-चाचणी तरीही द्यावी लागते. आणि केवळ इंग्रजी कच्चं आहे म्हणून मुलाला गिफ्टेड किंवा वरच्या गणितातून बाहेर ठेवणं नागरी हक्क कायद्यात बसत नाही. अशा मुलासाठी आकृत्यांवर चालणारी चाचणी मागावी, म्हणजे कॉगॅटचा तिसरा संच किंवा एनएनएटी.

पुण्या-नाशिकच्या शाळेचं प्रगतिपुस्तक तिथल्या समुपदेशकाला फारसं वाचता येत नाही. ९४ टक्के म्हणजे किती कठीण पेपरात, हे त्याला कळायला मार्ग नसतो. आणि डिस्ट्रिक्टच्या संगणकात मुलाचे कुठलेच जुने गुण नसल्याने यंत्रणा त्याला साध्या गणितात टाकते. वर्ग सुरू होण्याआधीच ‘गणिताची प्लेसमेंट टेस्ट घ्या’ अशी लेखी विनंती करावी. सोबत भारतातल्या पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका इंग्रजीत करून जोडली तर काम सोपं होतं. मूल गणितात पुढे असेलही, पण इंच-फूट-पाउंड, मिश्र अपूर्णांकांचा सुळसुळाट आणि ‘उत्तर शब्दांत समजावून लिहा’ या मागणीत ते पहिल्या महिन्यात चाचपडतं. तेवढा वेळ द्यावा.

नकार आला तर

अपिलाची मुदत सहसा आठवड्यांत मोजतात, महिन्यांत नाही. तारीख नकाराच्या पत्रात खाली बारीक अक्षरांत असते. ‘वर्गात कंटाळतो’ हा पालकांचा आवडता मुद्दा आणि समितीवर सगळ्यात कमी चालणारा, कारण सगळेच तो लिहितात. चालतं ते नवं काहीतरी : पहिल्या फाइलमध्ये नसलेली चाचणी, मुलाने स्वतः केलेल्या कामाचे दोन-तीन नमुने, ज्यात विचाराची पायरी दिसते, आणि एका पानाचं पत्र ज्यात डिस्ट्रिक्टच्याच निकषांचे शब्द वापरून पुरावा जोडला आहे. खासगी मानसशास्त्रज्ञाकडून डब्ल्यूआयएससी करून घ्यायला शेकडो डॉलर लागतात. डिस्ट्रिक्ट बाहेरचा अहवाल मानतं का, आणि कुणाचा, हे आधी विचारून मगच पैसे भरा. ऑनर्सच्या बाबतीत तर अनेक शाळांत अपील लागतच नाही. पालकांनी ‘शिफारस नसतानाही आम्ही हा वर्ग मागतो’ अशा फॉर्मवर सही केली की प्रवेश मिळतो. मात्र त्यात एक अट असते : गुण पडले तर मधल्या काळात बाहेर पडायची सोय ठरावीक तारखेपर्यंतच.

अल्जिब्रा १ आठवीत घेतला तर आणखी एक कागद वाचा. मिडल स्कूलचे गुण कॉलेजांकडे जात नाहीत, पण हायस्कूलच्या श्रेयाचा (क्रेडिटचा) कोर्स आठवीत घेतला तर बऱ्याच ठिकाणी ती श्रेणी हायस्कूलच्या गुणपत्रकावर येते आणि सरासरीत धरली जाते. तेराव्या वर्षी मिळालेला ‘सी’ सतराव्या वर्षापर्यंत सोबत राहतो. व्हर्जिनियात पालकांना ती श्रेणी गुणपत्रकातून काढून घ्यायची विनंती करता येते, पण मग श्रेयही जातं आणि कोर्स पुन्हा करावा लागू शकतो. इतर राज्यांत डिस्ट्रिक्टचा नियम बघावा.

छोट्या शाळेत वेळापत्रकाचीही एक खोड असते. आठवीच्या अल्जिब्राची एकच तुकडी असेल, समजा दुसऱ्या तासाला, तर त्या तासाला असणारा बँड, ऑर्केस्ट्रा किंवा स्पॅनिश त्या मुलांना मिळत नाही. शिवाय ती पंचवीस-तीस मुलं उरलेल्या तासांनाही जवळपास एकत्रच फिरतात. व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे एप्रिलमध्ये समुपदेशकाला विचारायचं, ऑगस्टमध्ये वेळापत्रक हातात आल्यावर नाही.

आठवीत अल्जिब्रा हुकला तरी कॅल्क्युलसचं दार बंद होत नाही. अनेक हायस्कूलांत दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकाच वर्षी घेता येतात, किंवा नववीनंतरच्या उन्हाळ्यात जॉमेट्री पूर्ण करता येते. उन्हाळी जॉमेट्री म्हणजे वर्षाचा कोर्स सहा-आठ आठवड्यांत, रोज कित्येक तास. त्या सुट्टीत भारतात जायची तिकिटं काढायची नसतील तरच नाव नोंदवावं.